आईचा 'चिकटलेला कॉन्टॅक्टर' : ईजीएफआर जनुकाबद्दल मला कळलं ते

मांजराकाठ (१४ जानेवारी, रात्री १०.२०)

केज तालुक्यात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. बारावी सायन्स झालो, पुढं आयटीआय केलं, जीवशास्त्र तिथंच सुटलं. ते परत हातात घ्यावं लागलं आईच्या एका रिपोर्टमुळं. त्यात कामाची ओळ एकच होती : 'ईजीएफआर, एक्झॉन १९ डिलीशन : आढळले.' (एक्झॉन म्हणजे जनुकाचा एक तुकडा, डिलीशन म्हणजे त्यातला भाग गळालेला.) त्या ओळीपर्यंत पोचायला आम्हाला आठ महिने लागले. तुमच्यापैकी कुणाचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हा धागा काढतोय.

आई छप्पन्न वर्षांची. बिडी-सिगारेट लांबच, तिनं कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. कोरडा खोकला लागला, मग पाठ दुखायला लागली, वजन उतरलं. एक्सरेत उजव्या बाजूला डाग दिसला. थुंकीत टीबीचे जंतू निघाले नाहीत, तरी एक्सरे बघून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. आपल्याकडं टीबी इतका आहे की डाग म्हटलं की पहिलं नाव तेच येतं, हे मला कळतं. लघवी लाल व्हायची, जेवण जायचं नाही, आम्ही समजायचो की औषध लागू पडायलंय. आई म्हणायची, "गोळ्या घ्यायलेय बाबा, पण दम काही खाली बसंना." पाचव्या महिन्यात ती देवळाच्या चार पायऱ्या चढताना मध्येच बसली. मग संभाजीनगर गाठलं. सीटी स्कॅन झाला, फुप्फुसाच्या आवरणातलं पाणी काढलं, सुईनं तुकडा काढला. निदान आलं अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर, आणि तोही पसरलेला. पहिला तुकडा इतका लहान होता की जनुकाच्या तपासणीला काही उरलंच नाही. दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली, त्यात आणखी दिवस गेले.

आता ईजीएफआर म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

विहिरीवरचा स्टार्टर सगळ्यांनी पाहिलेला आहे. हिरवं बटण दाबलं की कॉइलला करंट मिळतो, कॉन्टॅक्टर ओढला जातो, पॉइंट जुळतात आणि तीन फेज मोटरपर्यंत जातात. लाल दाबलं की सुटतो. पेशीच्या पातळ आवरणावर (मी त्याला भिंतच म्हणतो) ईजीएफआर नावाचं प्रोटीन असंच बसलेलं असतं. त्याचा एक भाग भिंतीबाहेर, एक आत. बाहेरच्या भागाला ईजीएफ नावाचा छोटा निरोप्या येऊन चिकटला की आतला भाग चालू होतो आणि पेशीला हुकूम जातो : वाढ, दोनाची चार हो. जखम भरते, कातडी नवी येते, ती या हुकमावर. काम झालं की बंद.

आमच्या दुकानात उन्हाळ्यात जळालेल्या मोटरी येतात त्यातल्या कितीतरींची कथा एकच असते. रात्री कमी व्होल्टेजवर कॉन्टॅक्टर थरथरतो, ठिणग्या पडतात, पॉइंट वितळून एकमेकांना चिकटतात. मग बटण कुणी दाबलेलं नसलं तरी मोटर चालू. लाल बटण दाबा, काही होत नाही. सकाळपर्यंत विहीर कोरडी आणि वायंडिंग काळं. आईच्या फुप्फुसातल्या एका पेशीत ईजीएफआरचे पॉइंट असेच चिकटले होते. निरोप्या नसताना हुकूम चालूच.

आणि आईला नंतर मिळालेली ईजीएफआरवरची गोळी म्हणजे त्या एका स्टार्टरचा फ्यूज काढणं. सगळ्या गावाची लाइट घालवायची गरज नाही.

---

उदगीरचे_गुरुजी (१५ जानेवारी, सकाळी ७.०५)

मांजराकाठ, तुमच्या मातोश्रींना लवकर आराम पडो. मी ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. उपमा उत्तम आहे, मी तिच्यात थोडी भर घालतो.

एकटा ईजीएफआर काही करू शकत नाही, त्याला जोडीदार लागतो. रिकामा असताना त्याचा बाहेरचा भाग हाताची घडी घातल्यासारखा मिटलेला असतो. ईजीएफ बसलं की घडी उघडते आणि शेजारचा दुसरा ईजीएफआर येऊन भिडतो. एका बैलानं औत ओढत नाही तसंच हे. भिंतीच्या आत त्यातला एक दुसऱ्यावर रेलतो आणि रेलल्यामुळं दुसऱ्यातलं यंत्र जागं होतं. हे यंत्र म्हणजे टायरोसिन कायनेज. ते एटीपीकडून (पेशीतलं इंधन) फॉस्फेट घेतं आणि शेपटीवरच्या टायरोसिनांना (प्रोटीनच्या माळेतला एक प्रकारचा मणी, म्हणजे अमिनो आम्ल) लावतं. ही फॉस्फेटं म्हणजे खुंट्या. त्यांवर ग्रब-२ नावाचं प्रोटीन येऊन बसतं (पुढची नावंही पेशीतल्या प्रोटीनांचीच), ते एसओएसला आणतं, एसओएस रासला जागं करतं, रास राफला, राफ मेकला, मेक ईआरकेला. ईआरके केंद्रकात जाऊन डीएनएवरची वाढीची पानं उघडायला लावतं. दुसरी एक वाट पीआय३के आणि एकेटी यांच्याकडून जाते. ती पेशीला सांगते, मरू नकोस. कॅन्सरच्या दृष्टीनं ही दुसरी वाटसुद्धा तेवढीच घातक.

मी वर्गात टँकरचं उदाहरण द्यायचो. गल्लीत टँकर आला की लोक रांग करून घागरी हातोहात पुढं देतात. फक्त एक फरक लक्षात ठेवायचा, इथं तीच घागर पुढं जात नाही. राफ, मेक यांतला प्रत्येकजण एटीपीकडून नवी भरून घेतो आणि पुढच्याच्या डोक्यावर ठेवतो.

ईजीएफआरचं जनुक आपल्या सातव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असतं. त्यातून बनणारं प्रोटीन १२१० अमिनो आम्लांचं, त्यातली पहिली २४ भिंतीपर्यंत पोचताना कापली जातात. 'एक्झॉन १९ डिलीशन'च्या सर्वात नेहमीच्या प्रकारात डीएनएची १५ अक्षरं गळतात आणि प्रोटीनमधली ५ अमिनो आम्लं कमी होतात, ७४६ ते ७५०. हजारांतली पाच! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. दुसरा नेहमीचा बदल एक्झॉन २१ मधला, तिथं तर एकच अक्षर बदलतं आणि ८५८ व्या जागी ल्युसिनऐवजी अर्जिनिन येतं. या कॅन्सरात ईजीएफआरचे जेवढे बदल सापडतात त्यातले बहुसंख्य या दोनच प्रकारांचे असतात.

निरोप्या कसा सापडला तेही सांगतो. स्टॅनली कोहेन उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचत होते, शोध वेगळ्याच गोष्टीचा चालला होता. त्यांना दिसलं की या पिल्लांचे डोळे सातव्या दिवशीच उघडतात, एरवी तेरा-चौदा दिवस लागतात. दातही लवकर येतात. दुसरा एखादा असता तर त्यानं वहीत टिपून सोडून दिलं असतं. कोहेननी त्या अर्कातलं प्रोटीन शोधून काढलं, १९६२ साली छापलं. अवघं ५३ अमिनो आम्लांचं. १९८६ साली रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनींबरोबर त्यांना नोबेल मिळालं.

---

पूर्णाकाठ (१५ जानेवारी, दुपारी १.४०)

दादा, वाचून अंगावर काटा आला. माझे वडील परभणीत उपचार घेतात. त्यांचाही फुप्फुसाचाच आहे. चाळीस वर्षं बिडी ओढली त्यांनी. रिपोर्टला ईजीएफआर निगेटिव्ह आणि केआरएएस पॉझिटिव्ह आलंय. तुमच्या आईची गोळी वडिलांना चालेल का? एकजण म्हणाला की कुठूनही मागवून घ्या, गोळी आहे, नुकसान तर काही होणार नाही.

---

मांजराकाठ (१५ जानेवारी, रात्री ९.३०)

पूर्णाकाठ, हात जोडून सांगतो, असं मागवून देऊ नका. केआरएएस म्हणजे गुरुजींनी सांगितलेलं तेच रास. वडिलांच्या पेशीत स्टार्टर ठीक आहे, त्याच्या पुढचा जोड चिकटलाय. मागचा फ्यूज काढून पुढं थेट जोडलेली लाइन बंद पडेल का?

नुकसान होत नाही हेही खरं नाही. आशियातल्या पेशंटवरची एक मोठी चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली, तिची माहिती मला आमच्या डॉक्टरांनी काढून दाखवली. ज्यांच्यात ईजीएफआरचा बदल होता त्यांना आईचीच जेफिटिनिब गोळी कीमोपेक्षा सरस ठरली. ज्यांच्यात नव्हता त्यांच्यात गोळीवर आजार कीमोपेक्षा फार लवकर वाढला. म्हणूनच गोळी असो की कीमो, आधी रिपोर्ट हातात पाहिजे, असं मी घसा फोडून सांगतोय.

---

उदगीरचे_गुरुजी (१५ जानेवारी, रात्री ९.५५)

मांजराकाठ बरोबर सांगत आहेत. पूर्णाकाठ, एक करा. रिपोर्टमध्ये केआरएएसच्या पुढं काय लिहिलंय ते नीट बघा. 'जी१२सी' असं असेल तर त्या प्रकारावर वेगळी औषधं निघाली आहेत. सोटोरासिब हे त्यातलं पहिलं, अमेरिकेत २०२१ साली मंजूर झालं. तीस-पस्तीस वर्षं रासला औषधच सापडत नव्हतं, कारण त्याच्या अंगावर औषधाला बसायला नीटशी खाचच नाही. आपल्याकडं मिळेल का, वडिलांना चालेल का, हे तुमचे डॉक्टरच सांगू शकतील. प्रश्न मात्र तुम्ही विचारला पाहिजे.

---

पूर्णाकाठ (१६ जानेवारी, सकाळी ८.१५)

जी१२डी लिहिलंय गुरुजी.

---

उदगीरचे_गुरुजी (१६ जानेवारी, सकाळी ८.५०)

मग सोटोरासिब त्यासाठी नाही. कीमो आणि इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारे उपचार) यांबद्दल डॉक्टरांशी सविस्तर बोला. तुमच्या गावाकडून उदगीरला कधी येणं झालं तर घरी या. वडिलांनाही आणा.

---

सोनपेठची_सून (१६ जानेवारी, दुपारी ३.१०)

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सासूबाईंना हेच आहे. माझ्या नवऱ्याला आणि लेकरांना होईल का? आणि आमच्या सासूबाईंनी उभा जन्म चुलीपुढं काढला, पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून. त्यानं झालं असेल का?

---

उदगीरचे_गुरुजी (१६ जानेवारी, सायंकाळी ६.२०)

ताई, पहिल्याची काळजी सोडा. हा बदल सासूबाईंना आईबापांकडून आलेला नसतो. तो जन्मानंतर, फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत घडलेला असतो, म्हणून लेकरांकडं जात नाही. वारशानं येणारा ईजीएफआरचा बदल जगात आहे, पण फार विरळा.

दुसऱ्याचं उत्तर सावधपणे देतो. जळणाच्या लाकडाचा घरातला धूर हा 'बहुधा कर्करोगकारक' असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ठरवलेलं आहे. घरात जाळलेल्या दगडी कोळशाचा धूर तर निश्चित कारकांच्या यादीत आहे. त्याशिवाय २०२३ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वाँटन यांच्या गटानं एक फार महत्त्वाचं काम छापलं. निरोगी फुप्फुसातही ईजीएफआर बिघडलेल्या मोजक्या पेशी असू शकतात आणि त्या वर्षानुवर्षं गप्प बसून राहतात. हवेतले बारीक कण आत गेले की तिथल्या संरक्षक पेशी चिडतात, आयएल-१ बीटा नावाचा निरोप सोडतात, आणि त्या दाहात या गप्प पेशी वाढायला लागतात. त्यांनी शहरी हवेतल्या कणांवर काम केलं, आपल्या चुलीवर नाही. तेव्हा सासूबाईंना चुलीनंच झालं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या सुनेला मी चुलीपुढं बसू देत नाही, एवढं सांगतो.

---

मांजराकाठ (१६ जानेवारी, रात्री १०.४५)

सोनपेठच्या ताई, सासूबाईंना गोळी सुरू झाली असेल तर पुढं काय काय होतं ते आमच्या अनुभवावरून सांगतो.

आईला जेफिटिनिब २५० मिलिग्रॅम रोज एक आणि सोबत कीमो असं दिलं. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं ३५० पेशंटवर केलेली चाचणी आहे, त्यात नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला आणि गोळी अधिक कीमोवर १६ महिने. कीमोचा त्रासही अर्थात जास्त. आईनं विचार करून हो म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात खोकला थांबला. सहा महिन्यांनी पहिल्यांदा ती रात्रभर आडवी झोपली, मी दर तासाला उठून तिचा श्वास बघत होतो.

दहाव्या दिवसापासून नाकावर, गालावर, छातीवर पुरळ उठलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, गोवर निघालाय, अंगात देवी आलीय, औषध बंद करा. बंद करायचं नाही. कातडीच्या पेशींवर हाच ईजीएफआर भरपूर असतो, गोळी तिथलाही फ्यूज काढते, म्हणून कातडी बिघडते. आतड्याचंही तेच, म्हणून जुलाब. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पुरळावरची गोळी आणि मलम दिलं, उन्हात जायचं बंद केलं, अंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल तेल. महिन्याभरात पुरळ उतरलं.

नखांचा त्रास मात्र मागं राहिला. बोटांच्या टोकाला भेगा, नखाच्या कडेला सूज. पौष महिन्यात आई कुणाला न सांगता शेतात गेली आणि हरभरा उपटायला बसली. हरभऱ्याच्या पाल्यावर पहाटे आंब असते ती ठाऊक आहे ना, चांगल्या हातालाही झोंबते. भेगांत ती आंब गेली. दहाही बोटं पाण्याच्या तांब्यात बुडवून बसलेली आई मला बांधावर दिसली. डोळ्यांत पाणी, आणि म्हणते कशी, "दीड वर्षानं हातानं काहीतरी केलं रे." मी रागावणार होतो, रागावलो नाही. आता तिच्यासाठी सुती हातमोजे आणलेत.

एक गोष्ट फार थोडे सांगतात. आपल्याकडं अ‍ॅसिडिटीची गोळी पाण्यासारखी घेतात. जेफिटिनिब आणि तिच्याच जातीची एर्लोटिनिब या गोळ्या पोटातल्या आम्लात विरघळतात. आम्ल मारणारी गोळी सोबत चालू असेल तर औषध अंगात कमी जातं. आई दोन महिने रोज सकाळी दोन्ही एकदम घेत होती! डॉक्टरांना स्वतःहून सगळ्या गोळ्या दाखवा, आयुर्वेदिकसुद्धा. आणि अचानक नवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, क्वचित कधी औषधानंच फुप्फुसाला सूज येते.

खर्चाचं : भारतीय कंपन्यांची जेनेरिक मिळतात. जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

---

सोनपेठची_सून (१७ जानेवारी, सकाळी ६.३०)

अ‍ॅसिडिटीची गोळी सासूबाई रोज घेतात. आजच विचारते. लई उपकार झाले भाऊ. आता आईंचं कसं आहे?

---

मांजराकाठ (१७ जानेवारी, रात्री ९.१५)

पंधरा महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठ परत वाढलेली दिसली. या वेळी सुई टोचावी लागली नाही, हाताच्या रक्तातूनच तपासणी झाली. गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे रक्तात तरंगत असतात, ते पकडतात. 'टी७९०एम' आलं. जुन्या गोळ्यांवर असलेल्यांत सुमारे निम्म्यांना हाच बदल होतो. ७९० व्या जागी थ्रिओनिन जाऊन मेथिओनिन येतं आणि गोळीची पकड सुटते. त्यावर ओसिमर्टिनिब ८० मिलिग्रॅम सुरू केलं. ही गोळी ७९७ व्या जागच्या सिस्टीनला कायमची चिकटते. आजार चिकटलेल्या पॉइंटचा, आणि औषधही चिकटूनच काम करतं. आता बऱ्याच ठिकाणी हीच गोळी पहिल्यापासून देतात. सात महिने झाले. मागच्या स्कॅनमध्ये गाठ आकसलीय. आजार यातूनही पुढं कधीतरी वाट काढेल हे आम्हाला ठाऊक आहे, आईलाही ठाऊक आहे.

---

कयाधू (१९ जानेवारी, रात्री ११.५०)

मी हिंगोली जिल्ह्यातून लिहितेय. दोन वेळा धागा वाचला. माझी मावशी ४९ वर्षांची, तीन महिने टीबीच्या गोळ्या चालू आहेत. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. खोकला तसाच, आता आवाज बसलाय. तंबाखू कधी नाही. मी घाबरवतेय असं घरचे म्हणतात.

---

नांदेड_पॅथॉलॉजी (२० जानेवारी, सकाळी ७.४०)

कयाधू, मी इथल्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, इतके दिवस नुसती वाचत होते. तुम्ही घाबरवत नाही. बसलेला आवाज साधी गोष्ट धरू नका. छातीच्या डॉक्टरांकडून सीटी करून घ्या, आजच. टीबीच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील.

आणि तुकडा काढायची वेळ आली तर आधीच सांगा की जनुक-तपासणीही करायचीय, म्हणजे तुकडे पुरेसे काढतील. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्येच गेला पाहिजे, तोही लगेच. आमच्याकडं कधी सलाइनच्या बाटलीत, कधी दोन दिवस उन्हात फिरून आलेला नमुना येतो. त्यातून निदान कसंबसं होतं, डीएनए मात्र खराब झालेला असतो. नमुना मेणात बसवून जो ठोकळा करतात त्याला ब्लॉक म्हणतात. तो जपून ठेवलेला असतो, पुढच्या तपासण्या त्याच्यावरच होतात आणि तो पेशंटला मागता येतो. नुसता कागदाचा रिपोर्ट घेऊन मुंबईला जाऊ नका, ब्लॉक घेऊन जा.

---

कयाधू (३१ जानेवारी, सायंकाळी ५.२५)

सीटीत गाठ निघाली. नांदेडला बायोप्सी झाली, अ‍ॅडेनोकार्सिनोमाच आहे. डॉक्टर आधी म्हणाले की सोमवारी पहिली कीमो देऊ. मी धागा त्यांना मोबाईलवर दाखवला नाही, पण तपासणीचं विचारलं. ते म्हणाले, पेशंटला आत्ता फार दम लागत नाही, दहा-बारा दिवस थांबता येईल, पाठवू. मावशी विचारतेय की पुन्हा टोचतील का.

---

नांदेड_पॅथॉलॉजी (३१ जानेवारी, सायंकाळी ५.४०)

ब्लॉक आहे ना? मग टोचणार नाहीत. नंबर लिहून घेतला का?

---

कयाधू (३१ जानेवारी, सायंकाळी ५.४८)

घेतला. पिशवीत, मावशीच्या पोथीशेजारी ठेवलाय. उद्या सकाळी मी स्वतः लॅबमध्ये देऊन येणार.